नाते : मावशी

‘हो, आईची बहीण,’ मी म्हणालो, आणि तोंडात शिळ्या दुधाची साय आल्यासारखं झालं. गिळली तरी जाईना. समोर खुर्चीच्या कडेला टेकून बसलेल्या पाहणीवाल्या बाईंनी मांडीवरच्या टॅबवर बोट टेकवलं, नात्याच्या रकान्यात ‘मावशी’ उमटलं असणार, आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. घराघरांतल्या कमाईची ही पाहणी दर दहा वर्षांनी होते. सकाळी अकराच्या सुमाराला त्या आल्या आणि दारावरची पाटी वाचून थबकल्या. ‘सर, तुम्ही म्हणजे ते विषमतेवाले सर ना? आमचं अख्खं प्रशिक्षण तुमच्या पुस्तकावरून झालं,’ म्हणाल्या, आणि बासष्टाव्या वर्षी माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी पोट आत घेतलं. बायकोनं आतल्या दिशेला तोंड करून सांगितलं, ‘मावशी, तीन कप चहा टाकता का?’ तीन म्हणजे मी, बायको आणि पाहुणी. मग बाईंनी विचारलं, ‘एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं किती?’ बायको म्हणाली, ‘तीन. आम्ही दोघं आणि मावशी.’ या तिनात पाहुणी नव्हती. ‘मावशी म्हणजे?’ ‘घरचीच आहे हो.’ ‘तसं चालत नाही मॅडम, नातं लागतं. नसेल तर त्यांचा वेगळा अर्ज भरायचा. त्यात त्यांना रोख किती मिळतात ते विचारावं लागतं.’ बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभी होती आणि तीही माझ्याकडेच पाहत होती. ‘यांची मावशी,’ बायको म्हणाली. ‘सरांच्या आईची सख्खी बहीण?’ मी हो म्हणालो ते इथे. मावशीनं ट्रे खाली ठेवला, कप एकेक करून पुढे सरकवले आणि आत गेली. बशीत एक थेंबही सांडला नाही.

त्यात ती दुखावली की नाही हे मला कळलं नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. कळलं होतं. तीन दिवसांपूर्वी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. ती सहसा माझ्या खोलीत झाडायलाच येते, आणि झाडताना आपण नसल्यासारखी असते. त्या दिवशी हातात झाडू नव्हता. कमरेवर एक हात दाबून म्हणाली, ‘बाळ, त्या लिहायला येणाऱ्या बाई आल्या की मला वेगळं लिही.’ मला बाळ म्हणणारं आता जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. ‘वेगळं म्हणजे?’ मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. पलीकडच्या इमारतीचे जिने पुसणारी तिची मैत्रीण आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी नगरपालिकेनं नवी घरं बांधली, त्यातली एक खोली त्या मैत्रिणीला मिळाली. मावशी ती बघून आली होती. परत आल्यावर बायकोनं कौतुकानं विचारलं, कशी आहे, मोठी आहे का, ऊन येतं का. मावशी एवढंच म्हणाली होती, ‘आतून कडी आहे.’ आमच्याकडे ती स्वयंपाकघरामागच्या बोळात झोपते. तिथे तिची घडीची खाट आहे आणि धुलाईयंत्र आहे. यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा ते आत जाईना, म्हणून बोळाचं दार काढून ठेवलं. ते परत लावायचं राहिलं. सतरा वर्षं झाली. त्या घरांसाठी माणसांची यादी याच पाहणीवरून निघणार होती: एकटं राहणारं, साठीपुढचं, महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत. सगळ्यात ती बसत होती. फक्त तिनं आमच्या कुटुंबातून बाहेर पडायला हवं होतं, आणि घरातल्या कर्त्या माणसानं सांगितलेलंच धरायचं असा नियम होता. तो माझा नियम. ‘बघू,’ मी तिला म्हणालो होतो, आणि तिनं मान हलवली होती. माझं ‘बघू’ तिला चांगलं माहीत आहे.

बाई पुढचे प्रश्न विचारत गेल्या. खोल्या किती, वाहन आहे का, निवृत्तिवेतन किती. मी उत्तरं देत होतो आणि माझा आवाज मला वर्गातल्यासारखा ऐकू येत होता, भरदार, जरासा दमलेला, माणसांवर प्रेम असलेला. किळस येते मला त्या आवाजाची. चाळीस वर्षं याच आवाजात मी सांगत आलो की वरच्या दहा टक्क्यांच्या ताटात काय पडतं आणि खालच्या दहांच्या ताटात काय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आत भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. घासणीचा तो ओला, किसल्यासारखा आवाज, आणि त्यासोबत तिचा वास. आमच्या घासणीला कायम एक आंबट वास असतो. बायको म्हणते पाण्याला आहे. माझ्या उष्ट्या ताटातलं तूप, माझ्या कवळीत अडकून मी काठावर काढून ठेवलेले कण, चोखलेली कोय, हे सगळं रोज त्या घासणीतून जातं, तिच्या नखांतून जातं. माझ्या कुठल्याही कोष्टकातून ते गेलेलं नाही.

मावशी मावशी झाली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा जुनी राजवट होती, सगळं सरकारचं: गिरण्या, दुकानं, घरं, दूधसुद्धा. वडील दूधपुरवठा खात्यात मोठे अधिकारी होते. जेवताना ते नेहमी सांगत, ‘माझ्या पगारात आणि कॅन उचलणाऱ्या हमालाच्या पगारात फक्त अडीच पटींचा फरक आहे. जगात दाखवा कुठे असा.’ खरं होतं ते. पुढे मी स्वतः ते आकडे तपासले, तर दोन पूर्णांक चार निघाले. पण हमालाला मोटार नव्हती, आणि सरकारी दुकानाला मागच्या बाजूनं जे दुसरं दार होतं ते त्याला उघडत नव्हतं, आणि त्याच्या घरी सकाळी जास्तीचा कॅन उतरत नव्हता. त्या राजवटीत कुणी कुणाला घरी राबवायचं नाही असा कडक कायदा होता. वडिलांनी दूध गोळा करणाऱ्या कुठल्याशा लांबच्या केंद्रावरून एक चौदा वर्षांची मुलगी आणली. तिच्या बापाला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. महिनाभरात शिधापत्रिका तपासणारा निरीक्षक आला. आईनं घाईघाईनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला टेबलाशी खुर्चीवर बसवलं, तिच्यापुढे कप ठेवला. निरीक्षकानं विचारलं, ‘ही कोण?’ वडील म्हणाले, ‘माझी मेहुणी. हिची धाकटी बहीण.’ निरीक्षकानं आईकडे पाहिलं, मग त्या मुलीच्या हातांकडे पाहिलं, मग बशीतलं एक बिस्कीट उचललं आणि लिहिलं. नाते : मेहुणी. मग माझ्याकडे बघून गमतीनं म्हणाला, ‘म्हणजे तुझी मावशी रे.’ तो जिना उतरेपर्यंत सगळे बसून होते. पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर आईनं तिच्यापुढचा कप उचलला आणि वेगळा विसळला. तिनं त्यातला चहा प्यायला नव्हता. ती त्या खुर्चीवर कडेला, पाय जमिनीला न टेकवता बसली होती, आणि आई ‘ऊठ आता’ म्हणाली तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं असावं. त्या दिवसापासून आम्ही सगळे तिला मावशी म्हणायला लागलो. वडीलही. मेहुणीला मावशी म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नातेवाईक असल्यामुळे पगाराचा प्रश्नच मिटला. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आई खरोखरच लवकर गेली, आणि मावशीनं मला वाढवलं. माझा ताप, माझ्या उलट्या, परीक्षेच्या दिवसांतलं माझं बद्धकोष्ठ, सगळं तिनं काढलं. तिच्या हाताला असलेल्या राखेच्या आणि दुधाच्या वासाशिवाय मला झोप येत नसे, आणि त्याच वेळी मित्र घरी आले की मी तिला दाराशी येऊ देत नसे.

मग राजवट बदलली. दूध खातं विकलं गेलं. वडिलांना राहतं घर जवळजवळ फुकटात नावावर मिळालं आणि हमालाला नारळ मिळाला. विषमतेचा आकडा दहा वर्षांत दुप्पट झाला आणि त्यावर माझं आयुष्य उभं राहिलं, कारण तो मी मोजला. मोजणं शिकायला मी परदेशात गेलो. एका देशात सगळं बाजारावर सोडलेलं होतं. तिथले माझे प्राध्यापक म्हणायचे, ‘आमच्याकडे नोकर नाहीत, सेवा आहेत.’ त्यांच्या घरी एक बाई मागच्या जिन्यानं यायची, तासावर काम करायची, एका कंपनीची टोपी घालून. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, कारण दर महिन्याला दुसरी यायची. पुढे तिसऱ्या देशात गेलो. तिथे जबर कर, सगळ्यांना सगळं फुकट, यजमान स्वतः भांडी विसळून मला अभिमानानं दाखवायचे. त्यांच्या पोरांना सांभाळायला एक लांबच्या देशातली मुलगी राहत होती. ती कामाला नव्हती, भाषा शिकायला आलेली पाहुणी होती. पाहुणी सकाळी सहाला उठायची आणि तिला हातखर्च मिळायचा. एक नातेवाईक, एक सेवा, एक पाहुणी. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. हे मला तेव्हाच दिसलं होतं, मी आंधळा नव्हतो. माझ्या पुस्तकात तीन व्यवस्थांचे तीन रकाने आहेत, लोक त्याची चित्रं काढून भिंतीला लावतात, आणि तिन्ही रकान्यांत ही बाई कुठेच नाही. जुन्या राजवटीच्या रकान्यात तर ती अधिकाऱ्याच्या कुटुंबातली एक मानली गेली. वडिलांच्या पगाराचा चौथा हिस्सा तिच्या नावावर धरला गेला. तिच्यामुळे आमचं कुटुंब जरासं गरीब दिसलं, ती जराशी श्रीमंत दिसली आणि देश जरासा समान झाला. असल्या बायका वेगळ्या काढल्या तर काय होईल ते मी एकदा करून पाहिलं होतं. आकडा दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात हलला. तिसरं घर छापत नाहीत.

या पाहणीच्या समितीत कुटुंबाचा हा नियम ठरला तेव्हा आमच्यातल्या एक वयस्कर संख्याशास्त्री बाई एकट्याच अडून बसल्या. ‘एका स्वयंपाकघरातले म्हणजे एक कुटुंब, ठीक. पण त्या स्वयंपाकघरात राबणारीचं काय?’ त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ‘त्या घरच्याच असतात हो. आमची मावशी तर आमच्यावरच सत्ता गाजवते.’ हशा पिकला. चहाची वेळ झाली होती. नियम मंजूर झाला.

पाहणीवाल्या बाई गेल्यावर मी खुर्चीतच बसून राहिलो. बायको कप गोळा करायला लागली, मग तसेच ठेवले. ती निवृत्त शिक्षिका आहे. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. ‘असा काय चेहरा केलात?’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘तिला खोली हवी होती.’ ‘मला माहितीये. मलाही विचारलं तिनं. पण या वयात ती एकटी राहणार? कंबर धरून? पडलीबिडली तर कोण आहे तिला?’ ‘आपण आहोत ना, घरचे.’ ‘कुजकं बोलू नका. मी तिला कधी मोलकरीण म्हटलंय? सांगा. एकदा तरी? आपण खातो तेच खाते ती.’ ‘आपलं झाल्यावर.’ ‘तिलाच तसं आवडतं!’ बायको खरोखर चिडली होती, आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच भयंकर होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं मावशीला पगार सुरू करायचा म्हटलं होतं. मीच म्हणालो होतो, ‘तिला वाईट वाटेल.’ किती नाजूक मन माझं. ‘आणि सांगायचं काय होतं त्या बाईला?’ बायकोनं आवाज खाली आणला. ‘रोख काही नाही म्हणून? तुमच्यासारख्या माणसाच्या घरात? उद्या पेपरात येईल.’ स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. आत ती ऐकत असणार. बेसिनपाशी जाऊन मी तोंडावर पाणी मारलं. आरशात एक गुळगुळीत, नीट जेवलेला चेहरा होता. मी चपला घातल्या आणि जिना चढायला लागलो.

बाई चौथ्या मजल्यावर पायरीवर बसून डबा खात होत्या. समोरच्या घरातल्यांनी अर्ध्या तासानं या म्हणून सांगितलं होतं. मला बघून त्या उठायला लागल्या. ‘बसा, बसा,’ म्हणत मीही बसलो, त्यांच्याहून एक पायरी वर. ‘एक दुरुस्ती करायची होती. ती माझी मावशी नाही. म्हणजे म्हणतो आम्ही. पण कामाला आहे.’ त्यांना आश्चर्य वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्या घास गिळून म्हणाल्या, ‘हो सर, कळलं होतं.’ ‘कसं?’ ‘चहा तीनच कप आला ना.’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ‘प्रत्येक इमारतीत असतात दोन-तीन मावश्या. एखादीकडे आत्या असते. घरचे सांगतील ते आम्ही लिहितो. तुमच्या पुस्तिकेतच तसं आहे.’ त्यांनी हात पुसले, टॅब काढला, नवा अर्ज उघडला. वय सदुसष्ट. मालमत्ता नाही. वारस नाही. ‘मिळणारी रोख रक्कम? महिन्याची?’

मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. बोटाला तेल लागलेलं होतं. शून्य एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यात हजार वेळा म्हटलेला शब्द, फळ्यावर काढलेला, त्यात काही अवघड नाही. शून्य म्हटलं की खोली. मर्यादा पाच हजारांची आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. समितीत कुणी चार म्हणत होतं, कुणी सहा, मी म्हणालो पाच धरा, लक्षात राहायला सोपं. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. आणि हेही की ही बाई उद्या कार्यालयात सांगेल, त्या विषमतेवाल्या सरांच्या घरी, माहितीये का. ‘बारा हजार,’ मी म्हणालो. बाराच का, तर त्याखाली देणं ही चोरी आहे असं मी एका भाषणात म्हणालो होतो. ‘छान, सर,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. ‘एवढं कुणी देत नाही हो.’ माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते सुख होतं, आणि ते मी पुरेपूर घेतलं. मग त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘पण मग त्या घरांच्या यादीत नाही बसणार. पाचची मर्यादा आहे.’ ‘हो का,’ मी म्हणालो. त्यांनी टॅब खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, नको तितका वेळ पाहिलं. ‘काही बदलायचंय का सर?’ मी म्हणालो, ‘नाही. बरोबर आहे.’

खाली आलो तेव्हा बायको आतल्या खोलीत पडली होती. मावशी ओट्यापाशी होती. मला वर जाताना तिनं पाहिलं होतं, कारण मागे न वळताच तिनं विचारलं, ‘लिहिलंस वेगळं?’ ‘लिहिलं.’ तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि वळली. तिचा चेहरा त्रेपन्न वर्षं मी पाहतोय, पण असा कधी पाहिला नव्हता. आनंद दाखवावा की नाही ते तिला कळत नव्हतं. ‘मग खोली?’ ‘खोली नाही मिळायची. कमाई जास्त भरते.’ ‘कुणाची?’ ‘तुझी.’ ती हसली. खरं हसली, मी लहानपणी काही बावळट बोललो की हसायची तशी. मग माझ्याकडे पाहिल्यावर तिचं हसू थांबलं. ‘किती भरते?’ ‘बारा हजार. महिन्याला.’ ‘हे कुणी सांगितलं त्यांना?’ ‘मी.’

तिनं फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं. तिनं ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडली असती तर मला रडता आलं असतं, आणि मी रडलो असतो तर तिनं मला जवळ घेतलं असतं, तिला दुसरं काही जमलंच नसतं. आणि मी सुटलो असतो. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘मग दे.’ ‘काय?’ ‘बारा हजार. तू लिहिलेस ना? या महिन्याचे दे.’ तिनं हात पुढे केला. बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतून पांढरी पडली होती. मी म्हणालो, ‘देतो ना, देतो. बँकेत जावं लागेल. उद्या…’ पैसे कपाटात होते. ते तिला माहीत होतं, कपाट तीच आवरते. ‘मी थांबते,’ ती म्हणाली. हात तसाच होता. कमरेमुळे तिला फार वेळ एका जागी उभं राहवत नाही, थोड्या वेळानं ती कशाचा तरी आधार घेऊन खाली बसते, हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याचीच वाट पाहत उभा राहिलो.